नवीन संसार, सात हजारांत वाणसामान : काय भरावं, किती भरावं, कुठून आणावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नुकतेच चिंचवडला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहायला आलो आहोत. दोघांच्याही नोकऱ्या आहेत. पण भाडं, गावी पाठवायचे पैसे आणि गाडीचा हप्ता गेला की खाण्यापिण्याला महिना सात हजार उरतात. किराणा, भाजी, दूध, अंडी हे सगळं त्यात बसवायचं आहे. गॅस वेगळा धरलाय. दोघांचेही डबे असतात. जूनमध्ये धाकटा दीर कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला येतोय, अठरा वर्षांचा आहे, म्हणजे पोळ्यांचा हिशोब बदलणारच.

सासूबाईंनी त्यांची यादी दिलीय, पण ती सहा माणसांच्या, शेतावरून धान्य येणाऱ्या घराची आहे. तिचे तीन भाग केले की दोघांचं होतं असं काही दिसत नाही. हिंग आणि मोहरी काय तीन भागांत मोडायची?

माझे प्रश्न :
दोन (आणि जूननंतर तीन) माणसांना महिन्याला काय किती लागतं?
एप्रिल चालू आहे, आजूबाजूला सगळे वर्षाचा गहू भरतायत. भाड्याच्या छोट्या घरात आम्ही भरावा का?
सुटं घ्यावं की पाकीटबंद?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. मला वहीत उतरवून घ्यायचंय.

पाणकणीस

चांगला धागा. मीही वाचतेय. आम्ही तिघी मुली फ्लॅटवर राहतो, आमचंही हेच चाललंय.

उंबरठा

रानजाई, सासूबाईंची यादी बाजूला ठेव, नेटवरच्या 'महिन्याचा किराणा' याद्याही ठेव. आधी आपलं घर दिवसाला काय खातं ते मांड, किलो त्यातून आपोआप निघतात. करूनच दाखवते.

किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. दोन डबे आणि रात्रीचं जेवण धरून दिवसाला दहा पोळ्या लागत असतील तर महिन्याला नऊ-दहा किलो गहू. आठवड्यातून दोन-तीनदा भाकरी करत असशील तर सात किलो गहू आणि दोन किलो ज्वारी. भात एक वेळ असेल तर माणशी एक लहान वाटी तांदूळ, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम. दोघांचे महिन्याचे साडेचार किलो झाले. रोजच्या आमटी-वरणाला दोघांना मूठभर, साधारण पन्नास ग्रॅम डाळ लागते. महिन्याची दीड किलो होते, त्यात एक किलो तूर आणि अर्धा किलो मूग घे. तेल माणशी अर्धा लिटर, तळण आवडत असेल तर पाऊण. साखर किलो-सव्वा किलो, चहा पाव किलो, शेंगदाणे किलोभर (आपल्याकडे कूट कशात पडत नाही?), पोहे किलो, रवा आणि हरभरा डाळ अर्धा-अर्धा किलो, बेसन अर्धा. मटकी, चवळी, मसूर, हिरवे मूग यातली कुठलीही दोन आलटून पालटून अर्धा-अर्धा किलो. साबुदाणा उपास असेल तरच.

तुझा मोहरी-हिंगाचा प्रश्न अगदी रास्त आहे. फोडणीचं सामान माणसांवर चालत नाही, फोडण्यांवर चालतं. दोन माणसांच्या भाजीलाही फोडणी एकच लागते. म्हणून मोहरी, जिरं, हळद, हिंग यांचं प्रमाण सहाजणांच्या घराच्या निम्म्याच्या आसपास येईल, तिसऱ्या हिश्शावर येणार नाही. तरी मोहरी-जिरं शंभर-शंभर ग्रॅमच आण. धणे-जिरे अख्खे घेऊन लागतील तसे भाजून कुटले तर वास टिकतो आणि थोडक्यात भागतं.

आता पैशाचं. गहू, तांदूळ, तूरडाळ आणि तेल या चार गोष्टींतच आमच्या किराण्याचे निम्म्याहून जास्त पैसे जातात. भावाची चौकशी, दोन दुकानं फिरणं, मोठी खरेदी हे सगळं या चारांपुरतं कर. वेलदोड्याच्या पुडीत पाच रुपये वाचवायला दुसऱ्या दुकानात जाऊ नकोस, तुझा वेळ जास्त मोलाचा आहे. डबे लावताना नवी पिशवी जुन्यावर ओतायची नाही. जुनं वर काढून घ्यायचं, डबा पुसायचा, नवं खाली घालायचं.

दीर आला की ही चारही दीडपटीहून थोडी जास्तच धर. त्या वयाची भूक मोठी असते आणि तिला हात आखडू नये. त्याच्यासाठी फुटाणे-शेंगदाणे-गूळ हाताशी ठेव आणि अंड्यांचा तीसचा ट्रेच आण. डझनाने घेण्यापेक्षा परवडतो.

गाळणी

उंबरठा, फोडण्यांवर चालतं हे किती नेमकं सांगितलंत! वहीत घेतलं.

भुसारवाला

आमचं लातूरला पिढीजात भुसार दुकान आहे, म्हणून सुटं की पाकीटबंद या प्रश्नावर लिहितो.

पाकिटावर एमआरपीच्या जवळच एक बारीक आकडा छापलेला असतो, तो बघायची सवय लावा. त्याला युनिट सेल प्राईस म्हणतात. वजन किलोच्या आत असेल तर ग्रॅमचा दर आणि किलोच्या वर असेल तर किलोचा दर छापणं आता बंधनकारक आहे. पूर्वी चहा, तेल, बिस्किटं ठरावीक मापांतच विकावी लागत, ती सक्ती आता उठली आहे. त्यामुळे तेलाच्या ७५०, ८००, ८५० ग्रॅमच्या पिशव्या एका लिटरच्या शेजारी, तेवढ्याच उंचीच्या दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही, त्या आकड्याने कळतो. एक लक्षात ठेवा, तो दर एमआरपीवर काढलेला असतो. दुकानदार सवलत देत असेल तर मोबाईल काढून भागाकार स्वतः करावा लागेल.

तेलाचं जरा नीट समजून घ्या, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त तिथे फसतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. मोठा डबा १५ किलोचाही मिळतो आणि १५ लिटरचाही. दोन्ही डबे सारखेच दिसतात. पण १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे सव्वा किलोहून जास्त फरक. 'समोरचा पन्नास रुपयांनी स्वस्त देतो' असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा आम्ही पहिलं विचारतो, किलो की लिटर? तुम्हीही डब्यावरचं निव्वळ वजन वाचूनच भावाची तुलना करा.

धान्य आणि डाळींचं असं आहे की २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद मालावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या मालावर नाही. २५ किलोच्या वरच्या गोणीवरही नाही, म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोच्या तांदळाच्या गोण्या दिसतात. ओळखीच्या, उलाढाल असलेल्या दुकानातून सुटी डाळ घेणं परवडतं आणि हातात घेऊन बघताही येते. तूरडाळ घेताना मूठभर तळहातावर पसरा. दाणा एकसारखा हवा, तुकडा आणि साल कमी हवी, पिठूळपणा नको. फार चकचकीत, तेलकट डाळीच्या मागे लागू नका, तो तुकतुकीतपणा पॉलिशचा असतो. वरणाची गोडी बिनपॉलिश डाळीलाच येते, हे आमच्या लातूरकडचं कुणीही सांगेल. आमच्याकडे 'फटका' म्हणतात ती वरच्या प्रतीची, तिचा भाव जास्त. रोजच्या आमटीला त्याखालची प्रत उत्तम चालते.

मसाले आणि हळद-तिखटाची पूड मात्र सुटी घेऊ नका. एकतर अख्खं घेऊन दळा, नाहीतर सीलबंद घ्या. भेसळ पुडीतच सोपी असते.

आणि काटा शून्यावर आहे का ते निःसंकोच बघा. चांगला दुकानदार त्याचा राग धरत नाही.

पाणकणीस

तेलाच्या डब्याचं हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार, भुसारवाला.

शालूताई

वर्षाच्या गव्हाबद्दल लिहिते, कारण पन्नास वर्षं भरतेय.

एप्रिल-मे हाच भरण्याचा काळ, आणि त्याला कारण आहे. नवा गहू मार्च-एप्रिलला बाजारात येतो, रब्बी ज्वारी त्याच सुमाराला, नवी तूरडाळ आलेली असते, हळद-मिरचीचा हंगाम असतो आणि वाळवायला ऊन फुकट मिळतं. आवक भरपूर म्हणून भाव त्यातल्या त्यात बरा, आणि माल कोरडा. पावसाळ्यात तोच माल दमट होतो.

गहू दोन कडक उन्हं दाखवून पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम भरला तर आत घाम सुटतो. मग किलोला लहान चमचाभर एरंडेल तळहाताने चोळायचं आणि कोठीत तळाला, मध्ये, वर कडुनिंबाचा सुकवलेला पाला. तूरडाळीलाही एरंडेल लावतात, शिजायच्या आधी गरम पाण्याने धुतलं की जातं. बोरिक पावडर लावू नकोस. पूर्वी घरोघरी लावत, पण अन्नात तिला परवानगी नाही.

मसाल्याच्या मिरच्या रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी किंवा संकेश्वरी. तुझ्या दोघांना वर्षाचं तिखट दीड-दोन किलो खूप झालं.

कडबाकुट्टी

शालूताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी इथे वेगळं मत मांडतो. रानजाईंनी वर्षाचा गहू भरू नये असं मला मनापासून वाटतं.

शंभर किलो गव्हाचे पैसे एकदम गुंतवायचे, तेही सात हजारांतून? एप्रिल-मे दोन महिने मग भाजीपाला कशातून आणणार? भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार, कोठी ठेवायला जागा नाही, गच्ची सोसायटीची. दोघंही नोकरीला, ऊन दाखवायला घरी कुणी नाही. साठवण तेव्हाच स्वस्त पडते जेव्हा ती किडत नाही. दहा टक्के धान्य किडलं तरी भावातली सगळी बचत गेली.

माझ्या मते तीन महिन्यांचं भरावं. तीस किलो गहू, पाच किलो डाळ. लोकवन घ्या, पोळ्यांना चांगला आणि आवाक्यातला. सिहोर सुंदर असतो पण महाग. दळण दर पंधरा दिवसांनी पाच-पाच किलो टाकावं. तयार आट्यापेक्षा गहू अधिक दळणावळ स्वस्त पडते आणि पोळी कशी येते ते खाल्ल्यावरच कळतं.

शालूताई

कडबाकुट्टी, पटलं. गच्ची नाही आणि दिवसा घरी कुणी नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तीन महिन्यांचंच ठीक. पण रानजाई, कांदा मात्र आत्ता घे. उन्हाळी कांदा टिकतो, हवेशीर जागी चार महिने काढतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही आणि मधल्या काळात भाव चढतात. दहा किलो जाळीच्या पिशवीत टांगून ठेव. बटाट्याच्या शेजारी ठेवू नकोस, दोन्ही लवकर खराब होतात. लसूणही आत्ताच, नव्या गड्ड्या आल्यात.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. मे महिन्यात मडगाव, म्हापसा, पणजी इथे पुरुमेंताची फेस्तं म्हणजे जत्राच भरतात. कांद्याच्या माळा, सुक्या मिरच्या, चिंच, सोलं (कोकम), सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी). मुद्दा असा की आम्ही गहू-तांदूळ फारसे भरत नाही. पावसात जे मिळणार नाही किंवा महाग होणार तेच भरतो. जूनमध्ये मासेमारी बंद म्हणून सुकी मासळी. कोकणातही आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची खरेदी तशीच असते.

रानजाई, तुमच्या घरी चालत असेल तर थोडी सुकट आणि सोडे घेऊन ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये भाजी कडाडते तेव्हा मूठभर सुकटीत कांदा घातला की तिघांचं जेवण होतं. चालत नसेल तर सांडगे, कुळीथ पीठ, डांगराचं पीठ हेच काम करतात.

सोलापुरी कडक

मांडवीकाठ यांना अनुमोदन. पावसाळ्यातल्या भाजीच्या भावावर आमच्याकडचा उपाय कडधान्यं आणि पिठलं. हुलगे, म्हणजे कुळीथ, विसरू नका कुणी. हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्या, दोन्ही पोटभरीचं आणि स्वस्त. ज्वारी घ्याल तर मालदांडी बघा, भाकरी पांढरी आणि मऊ होते, दुसऱ्या दिवशी डब्यालाही चालते.

एक महत्त्वाचं, पाणकणीस आणि तिच्या मैत्रिणींसाठी आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. गावाकडच्या घराच्या रेशनकार्डावर तुमचं नाव असेल आणि कार्ड अन्नसुरक्षा कायद्यातलं असेल तर तुमचा हिस्सा पुण्या-मुंबईतल्या दुकानातही उचलता येतो. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आधार जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेलं हवं, अंगठा द्यावा लागतो. मी शिकायला पुण्यात होतो तेव्हा माझा वाटा तिथेच घ्यायचो आणि घरचे गावी त्यांचा घ्यायचे. यात लाजण्यासारखं काही नाही, तो आपला हक्क आहे. दुकानदार 'इथलं कार्ड नाही' म्हणाला तर 'एक देश एक रेशनकार्ड' असं स्पष्ट सांगा.

पाणकणीस

हे खरंच माहीत नव्हतं! आमच्या दोघींची नावं गावच्या कार्डावर आहेत. या आठवड्यात विचारून येते.

तिसरी शिटी

गॅस वेगळा धरलाय म्हणून सोडून देऊ नका, तोही पैसाच आहे. कुकर एकदाच लावा आणि तिन्ही भांडी भरून लावा. खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा भिजवलेलं कडधान्य. डाळ अर्धा तास भिजवली की दोन शिट्या वाचतात. जास्तीची शिजलेली डाळ फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणी द्या.

डोंबिवली फास्ट पाच पस्तीस

आमच्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे, आई कित्येक वर्षं सभासद. १९७५ पासूनची संस्था. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ होतो, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरतो आणि सभासदच आपापसात वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, त्यामुळे मधला खर्च नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की यादी आधी लिहावी लागते, त्यामुळे समोर दिसलं म्हणून उचललं हा प्रकारच राहत नाही.

रानजाई, तुमच्या भागात संघ आहे का ते विचारा. नसेल तर जिन्यातली चार घरं धरा. तीस किलोची तांदळाची गोणी आणि १५ किलोचा (भुसारवाला, किलोचाच!) तेलाचा डबा वाटून घ्या. दोन माणसांच्या घराला घाऊक भाव मिळवायचा हाच मार्ग आहे. फक्त घरी साधा वजनकाटा हवा आणि पैसे आधी गोळा करायचे. शेजारधर्मात उधारी आली की वाटणी बंद पडते.

उंबरठा

हे उत्तम. भाजीचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. रोज येता-जाता भाजी घेऊ नकोस, आठवड्याची ठरवून आण. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात बऱ्याच ठिकाणी शेतकरी आठवडे बाजार भरतात, शेतकरी गटच माल आणतात. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग गवार-भेंडी-दोडका, शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा या क्रमाने वापर. सातवा दिवस कडधान्याचा. फुलं आलेली, पिवळी पडलेली पालेभाजी कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही, निम्मी निवडण्यात जाते.

रानजाई

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! दोन संध्याकाळी बसून वहीत उतरवलं. आमचं ठरलं ते असं :

तीस किलो लोकवन, तीन महिन्यांसाठी. मालदांडी दोन किलो. तूरडाळ पाच किलो सुटी, तळहातावर पसरून बघून. कांदा दहा किलो, लसूण दोन किलो, जाळीत टांगून. समोरच्या काकू आणि वरच्या मजल्यावरचं एक घर तेलाच्या डब्यात भागीदार व्हायला तयार आहेत. पैसे आधी जमा झाले! गव्हाचे आणि कांद्याचे पैसे या महिन्यात गेले की भाजी-दुधाला थोडं कमी राहतं, म्हणून मिरची-मसाल्याची खरेदी मे महिन्यात करणार. सुकट नवऱ्याला आवडते, मला सांडगे. दोन्ही थोडं थोडं घेणार.

आता एकच राहिलं. तांदूळ कुठला घ्यावा? काकू म्हणतात इंद्रायणी, नवरा म्हणतो कोलम. आणि जुना-नवा कसा ओळखायचा?

शालूताई

डब्याला कोलम घे, मोकळा राहतो. इंद्रायणी मुळातच चिकट, वासाला छान, रात्रीच्या गरम वरणभाताला आणि मऊ भाताला. गोणी वाटून घ्यायची असेल तर कोलमची घ्या आणि इंद्रायणी किलोभर वेगळा आण. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, म्हणजे आत्ता बाजारात आहे तो चार-पाच महिन्यांचा. वर्षाचा जुना मिळाला तर तोच घे, भाव थोडा जास्त असतो पण फुगतो जास्त. ओळखायला दोन दाणे दाताखाली धर. जुना कडक, कट्कन तुटतो. रंगही किंचित पिवळसर असतो. जुन्याला वाटीला सव्वादोन वाट्या पाणी, नव्याला दोनला किंचित कमी. गोणी आणलीस की आधी एक वाटी शिजवून बघ, मगच वाटणी करा, म्हणजे बदलून आणायची वेळ आली तर गोणी अख्खी असेल.